आखूड मास्तर

"आई काढ," आखूड मास्तर म्हणाले.

कोमलचा हात माउसवर होता तो तिथंच राहिला. पडद्यावर तिचा निबंध होता आणि खाली कोपऱ्यात शब्दांचा आकडा. पाचशेच्या वर गेलं की तो आकडा लाल व्हायचा आणि लाल असेपर्यंत फॉर्म पुढं सरकत नव्हता. पाच वाजता कॉलेजची मुदत संपत होती आणि साडेचार होऊन गेले होते. कोमल माझी नात. तिची आई म्हणजे माझी लेक हिरा. हिराला जाऊन काही वर्षं झाली होती. मी मागं प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते आणि माझ्या देखत हा माणूस माझ्या नातीला तिची आई काढायला सांगत होता.

"मास्तर, ती एकदा गेली हाय," मी म्हणाले. "आता आनि कुठनं काढायची?"

त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "गेलेल्या माणसाला जागा लागत नाही, आक्का. हिला लागते."

कोमल रडली नाही. टेबलाखाली तिचा गुडघा तेवढा थरथरत होता. तिनं हिराचा परिच्छेद निळा केला, एक बटण दाबलं, आणि तिथं खालचा मजकूर वर सरकून आला. आकडा काळा झाला. मास्तरांचा मुलगा सलीम, त्याचंच ते ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, पुढं वाकला आणि त्यानं शेवटचं बटण दाबलं. "गेला," तो म्हणाला. तो फॉर्मचं म्हणत होता. मला 'गेली' असं ऐकू आलं.

मास्तर आमच्या बावडा गावातलेच, मुलाण्यांच्या घरातले. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. अंगानं एवढे उंच की सलीमच्या दुकानात शिरताना शटरखाली वाकावं लागायचं. बोलणं मात्र आखूड, म्हणून पोरांनी कधी तरी नाव ठेवलं आखूड मास्तर, आणि ते त्यांना इतकं बसलं की पोस्टमनही तेच म्हणायचा. सलीमच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः लिहिली होती. मुलाचं नाव, मुलीचं नाव, वार, आणि खाली 'जेवायला या'. आमंत्रकांची नावं नाहीत, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' नाही, काही नाही. छापखानेवाल्यानं फोन करून विचारलं होतं म्हणे, "मास्तर, बाकीचा कागद येतोय ना?" लग्नात पाहुणे एकमेकांना म्हणत होते, बघा बाबा, बिर्याणी तरी पोटभर असेल ना. बिर्याणी पोटभर होती. त्या एका बाबतीत त्यांनी कधी कापाकापी केली नाही.

निवृत्त झाल्यावर ते रोज लेकाच्या दुकानात बसायचे. फॉर्म भरायचं काम सलीमचं. पण हल्ली मोठ्या कॉलेजांना नुसते मार्क पुरत नाहीत, निबंध लागतो. तुम्ही कोण, इथं का यायचं, पुढं काय करणार. आणि तो ठरलेल्या शब्दांत बसवावा लागतो. आमच्याकडची पोरं एक तर लिहीतच नाहीत, आणि लिहायला लागली की थांबत नाहीत. मग सलीम कागद बापाकडं सरकवायचा. बावड्याची, इंदापूरची, पार बारामतीकडची पोरं यायची. मास्तर शाई सांडल्यासारख्या लाल रेघा मारायचे. पहिला परिच्छेद तर ते वाचतही नसत, सरळ काट मारत.

"सर, वाचा तरी," एक पोरगा म्हणाला होता माझ्यासमोर.

"काय आहे त्यात? भारत हा कृषिप्रधान देश आहे?"

"व्हय."

"त्यांना माहीत आहे. ते खाकरणं झालं. आता बोल."

हिरवंगार शेत लिहिलं की विचारायचे, "शेत काय निळं असतं?" घराच्या मागे असं दोन शब्दांत लिहिलं की घरामागे करायला लावायचे. एक शब्द वाचला की जमीन मिळाल्यासारखं तोंड व्हायचं. पोरं चिडायची. एक पोरगी कऱ्हाटीहून आली होती, तिनं आजोबांवर दीड पान लिहिलं होतं. त्याचं एक वाक्य शिल्लक राहिलं. ती दुकानाबाहेर जाऊन मोठ्यानं म्हणाली, "म्हातारं खाटीक हाय." मास्तरांना ऐकू गेलं. ते सलीमला म्हणाले, "बघ. तीन शब्दांत बसवलं. हिला जमेल."

माझा त्यांच्याकडं जाण्यायेण्याचा संबंध कोमलमुळं आला. बारावी होईपर्यंत ती माझ्याकडं राहिली. हिरा गेल्यावर तिच्या बापानं दुसरं लग्न केलं आणि कऱ्हाटीला संसार थाटला. त्याला मी दोष देत नाही, पण पोरीची आठवण त्याला ती लग्नाची झाल्यावर आली. कोऱ्हाळ्यात एक स्थळ बघून ठेवलं होतं. मी म्हणाले, तिला शिकू दे. तर म्हणाला, "शिकवायला न्हाय कोन म्हनतं? फुकट ठिवून घेनारं कॉलेज मिळालं तर जाऊ द्या. न्हायतर परीक्षा झाल्यावर मी न्यायला येतो." आईच्या आईला यात बोलायला किती जागा असते ते बायकांना सांगायला नको. असं फुकट ठेवून घेणारं एकच कॉलेज कोमलनं शोधलं होतं, लांब, पुण्याच्याही पलीकडं. राहणं, खाणं, फी, सगळं त्यांचं. निबंध मराठीत चालत होता. निबंध आवडला तर मुलाखतीला बोलावणार होते. तेव्हा पाचशे शब्द आणि कोऱ्हाळ्याचा नवरा, यांत एक होणार होतं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी तिचे कागद हातात घेऊन नुसते तोलले आणि म्हणाले, "जड आहे." मग रोज संध्याकाळी आम्ही जायचो. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही चार शाळांत मिळून, कारण माझ्या लहानपणी आमची मेंढरं चालायची आणि मेंढरांबरोबर आम्ही. मला निबंधातलं काय कळणार. पण कातरणं कळतं. एक दिवस त्यांच्या लाल रेघा बघून मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मास्तर, आमी मेंढरू दोन पायांत धरून कातरायचो. लोकर जावी आनि कातडी ऱ्हावी, तर तो कातरनारा. कातडीला कात्री लागली तर मेंढरू वरडत न्हाय बघा. नुसतं थरथरतं. नव्या मानसाला कळत बी न्हाय."

दुसऱ्या कुणाचं एवढं लांब बोलणं त्यांनी मध्येच तोडलं असतं. माझं पुरतं ऐकलं. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "माझ्याकडून लागली तर सांगा."

एक नियम ते प्रत्येक पोराला सांगायचे आणि तो मला तेव्हा खुळचटपणा वाटायचा. "नाही शेवटी ठेवू नका." मराठीत माणूस अख्खं वाक्य बोलतो आणि नाही म्हणायचं ते शेवटी म्हणतो. मला हे नको, मला तसं करायचं नाही. मास्तर ती वाक्यं फिरवायला लावायचे, नाहीतर तो शब्द ओढून अलीकडं आणायला लावायचे. कोमलनं लिहिलं होतं, 'मी हे काम सोडणार नाही.' त्यांनी करायला लावलं, 'हे काम मी करतच राहीन.' मी विचारलं, "दोनीत फरक काय?" तर म्हणाले, "शेपटाचा."

आता तिचं काम काय ते सांगते. हिरा आठवडे बाजारातून स्कूटीवर परत येत होती. ऊसतोडीचे दिवस, तिन्हीसांजेची वेळ, रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही. हिरा त्यात गेली. तिच्या पिशवीत कोमलसाठी घेतलेली कंपासपेटी होती, ती धड राहिली होती. पुढच्या हंगामापासून कोमल शाळा सुटली की नाक्यावर जाऊन उभी राहायला लागली. थांबलेल्या ट्रॉल्यांना मागं लाल फडकं बांधायची. माझं एक जुनं लुगडं संपलं त्यात. ड्रायव्हर आधी हसायचे, मग स्वतःच गाडी थांबवून म्हणायला लागले, "ए फडकंवाली, बांध लवकर." निबंधात दोन गोष्टी होत्या, एक हिराचं मरण आणि एक हे फडकं. वरचेवर कापूनही दोन्ही मिळून पाचशेत बसेनात. शेवटच्या दिवशी काय झालं ते मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

त्या संध्याकाळी घरी चालत येताना कोमल पुढं होती आणि मी मागं. मी बोलले. मास्तरांच्या सात पिढ्यांबद्दल बोलले. पोरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज्जी, बास. आता जागा न्हाय." तिच्या तोंडून त्यांचं बोलणं ऐकलं आणि माझ्या डोक्यातली तिडीक आणखी वाढली.

कॉलेजनं मुलाखतीला बोलावलं. मी बरोबर गेले आणि बाहेर बाकावर बसले. ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतल्यासारखं होतं. आत तिघं होते. त्यातल्या एका बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, बाकी सगळं लिहिलंस, पण फडकं का बांधतेस ते कुठंच लिहिलं नाहीस. मग हिनं सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं म्हणाली. नंतर त्यांनी विचारलं की हे निबंधात का नाही, आणि ही म्हणाली, "जागा नव्हती."

तिला घेतलं.

मी पेढे घेऊन मास्तरांकडं गेले. गेले ते भांडायलाच. पेढे पुढं केले आणि विचारलं, "मास्तर, त्यांनी इचारावं म्हनून तुमी ते काढलं व्हतं का? खरं सांगा."

"जागा नव्हती, आक्का."

"आदी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पोरीचा गुडगा बघितला न्हाईत तुमी. मी बघितला."

त्यांनी पुडा उघडला. दोन पेढे घेतले आणि पुडा माझ्याकडं सरकवला. "बाकीचे वाटा. आम्हाला दोन बास." म्हणजे तिथंही कापलं. ठरवून केलं होतं की नशिबानं झालं, ते मला आजही माहीत नाही. ठरवून केलं असेल तर हुशारी म्हणायची. पण समजावून सांगायला दोन वाक्यं लागली असती, आणि दोन वाक्यं काढायची म्हणजे त्यांच्या जिवावर येत होतं. लोक म्हणतात मास्तरांनी पोरीचं भलं केलं. केलं. भलं करताना माणसाला दुखवावंच लागतं असं मला कुणी पटवून देऊ नये.

मी निघाले तसा सलीम माझ्या मागं रस्त्यापर्यंत आला. टपरीवर चहा सांगितला आणि म्हणाला, "मावशी, अब्बांवर राग धरू नका. त्यांनी एकदा न्हाय कापलं, त्याचं हे."

मग त्यानं स्वतःचं सांगितलं. बारावीनंतर त्यानंही असाच एका मोठ्या कॉलेजचा फॉर्म भरला होता. निबंध बापानं तपासला. त्यात एक लांबलचक परिच्छेद बापावरच होता, अब्बा सायकलवरून शाळेत कसे जातात, पावसात वह्या कशा पोटाशी धरतात. मास्तरांनी सगळीकडं लाल रेघा मारल्या, त्या परिच्छेदाला हात लावला नाही. निबंध लांब राहिला. तेव्हा फॉर्मवरचा निबंधाचा चौकोन लाल वगैरे होत नव्हता, बसेल तेवढं घ्यायचा आणि उरलेलं गुपचूप टाकून द्यायचा. सलीमचं शेवटचं वाक्य होतं, 'मला आयुष्यभर याच गावात राहायचं नाही.' शेवटचा शब्द बसला नाही.

"मुलाखतीत म्हनले, तुला आयुष्यभर याच गावात राहायचंय, तर आमच्याकडं कशाला येतोस? मला कळंना काय बोलावं. कागद दाखवला तवा कळलं," सलीम म्हणाला आणि हसला. "तितं काय बोलनार? लिवल्यापरमानं राह्यलोय बघा."

"मास्तर काय म्हनले?"

"काय न्हाय. आठ दिवस बोललेच न्हाईत. मग शाळेत गेले आनि पोरांना सांगाय लागले, नाही शेवटी ठेवू नका."

चहा गार झाला होता. मी तसाच प्याले. सलीमची दया आली, पण त्यानं माझा राग कमी झाला असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या पोराच्या निबंधात बाप ठेवला आणि माझ्या नातीच्या निबंधातून आई काढली. मायेनं ठेवलेला बाप नडला, म्हणून पुढं सगळ्यांच्या आया काढायच्या, हा कुठला हिशेब? त्यांनी तो मला कधी सांगितला नाही. सांगितला असता तर मी ऐकून घेतला असता.

कोमल गेली. सुरुवातीला फोनवर भरभरून बोलायची. मग मुद्द्याचं बोलायला लागली. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते. सुट्टीत यायची ती निम्म्या सुट्टीपुरती, कारण तिथं काही ना काही काम निघायचं. शिकलेल्या पोरींचं असंच होतं म्हणे. मला वाटतं त्या दुकानात तिनं आईचा परिच्छेद निळा करून उडवला तेव्हाच तिला कळलं असावं की माणसं काढता येतात आणि तरीही वाक्य पुरं होतं. हे मी तिला बोलून दाखवलेलं नाही. तिचं चांगलं चाललं आहे. कोऱ्हाळ्याच्या त्या स्थळाचं पुढं काय झालं तेही मला कळलं आहे, आणि त्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं आहे. तरी घरात संध्याकाळी एकच ताट वाढताना जे व्हायचं ते होतंच.

मास्तर मला शेवटचे भेटले ते त्यांच्याच ओट्यावर. मी दळण घेऊन चालले होते. ते खुर्चीत बसले होते, उंच माणूस आजारानं वाळला की फार उंच दिसतो. त्यांनी हात करून बोलावलं. मी डबा खाली ठेवला. कोमल कशी आहे विचारलं, मी बरी आहे म्हणाले. मला वाटलं झालं बोलून, नेहमीसारखं. मी डबा उचलला.

"आक्का," ते म्हणाले, "त्या दिवशी कातडीला लागली का?"

"लागली," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले.

आयुष्यभर मुलांच्या तोंडातलं व्हय पुसून होय करून घेणारा माणूस. त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेवढा एकदाच ऐकला. मी डबा डोक्यावर घेतला आणि निघाले. लोक मला म्हणतात, आजारी माणसाला 'नाही लागली' म्हणायचं होतं. कशाला? त्यांनी सांगा म्हटलं होतं, मी सांगितलं. खोटं ऐकायला त्यांनी विचारलं नव्हतं.

नंतरच्या महिन्यात त्यांच्या छातीत कळ आली. बारामतीला नेईपर्यंत रस्त्यातच संपलं. शाळेत शोकसभा ठेवली होती, मी गेले. असा तमाशा मी पाहिला नाही. आखूड मास्तरांच्या सभेत एकाचंही बोलणं आखूड नव्हतं. एक पुढारी उठला त्यानं भारत हा कृषिप्रधान देश आहे इथून सुरुवात केली, देवाशपथ. मास्तरांना हिमालय म्हणून झालं, दीपस्तंभ म्हणून झालं, वटवृक्ष तर तिघांनी म्हटलं. माणसं चपला शोधायला लागली तरी माइक सुटेना. ज्यांचे निबंध मास्तरांनी कापले होते ती मोठी झालेली पोरं मागं भिंतीला टेकून उभी होती, आणि त्यांतला एक जण हवेतच बोटानं रेघ मारत होता, एकेका वाक्याला एक. कऱ्हाटीची ती पोरगी, खाटीक म्हणाली होती ती, आता कुठं तरी नोकरीला आहे, तिला बोला म्हणाले. ती माइकपाशी गेली आणि म्हणाली, "सर गेले." आणि खाली बसली. त्या सभेत रडले असेन तर मी तेव्हाच.

आता माजी विद्यार्थी स्मरणिका काढत आहेत. सलीम म्हणाला, "मावशी, तुमी बी लिवा. एक पान जागा हाय." मी त्याला तेव्हाच सांगितलं की एका पानात तुझा बाप बसायचा नाही. आता लिहून झाल्यावर मोजायला त्याच्याकडंच देणार आहे. तो म्हणेल कापायला हवं. कापू दे. लग्नाची पत्रिका कापा, पुढारी कापा, माझं भांडण कापलं तरी चालेल. पण मास्तरांच्या सवयीनं कुणी पहिला परिच्छेद न वाचता उडवू नये. हिरा तिथं आहे. तिला एकदा काढली आहे.

आणि मास्तर 'नाही' शेवटी ठेवू नका म्हणायचे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. हिरा नाही. मास्तर नाहीत. सलीम दुकानात आहे. कोमल तिकडं आहे. मी आहे.